सहा दिवसांत मुन्नार, थेक्कडी, आलप्पुळा: तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात या सदरात केरळच्या सहलीबद्दल अगदी ओझरतं लिहिलं होतं, की डोंगर, चहाचे मळे आणि बॅकवॉटर हे सगळं सहा दिवसांत नीट बसतं, आणि त्यावर इतकी पत्रं नि मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न: ताई, मी ६४ चा, मिसेस ६० ची. टूरवाल्याने ५ रात्री ६ दिवसांचा प्लॅन दिलाय. कोचीला उतरून मुन्नार २ रात्री, थेक्कडी १, हाउसबोट १ आणि शेवटची रात्र कोची. पण रोज सात-आठ पॉइंट लिहिलेत. झेपेल का? ग्रुपने जावं की स्वतंत्र गाडी करावी? (सांगली)

काका, रूट उत्तम आहे, त्याला हात लावू नका. हात लावायचा तो पॉइंटांना. महाबळेश्वरला जाऊन जाऊन आपल्याला पॉइंट मोजायची सवय लागलीय, किती झाले किती राहिले, आणि तीच सवय घेऊन आपण मुन्नारला जातो. जरा हिशोब करा. कोची विमानतळ ते मुन्नार साधारण ११० किलोमीटर, मुन्नार ते थेक्कडी ९०, थेक्कडी ते आलप्पुळा (म्हणजे अलेप्पी, हाउसबोट तिथेच) १४० आणि तिथून परत विमानतळ ८५ च्या आसपास. सगळे मिळून सव्वाचारशे किलोमीटर झाले, ऐकायला काहीच वाटत नाही, पण यातला बराचसा रस्ता घाटाचा आहे, वळणावर समोरून बस आली की आपण थांबायचं, ती गेली की आपण निघायचं, असं करत ९० किलोमीटरला साडेतीन तास सहज जातात. त्यात सात पॉइंट घातले की प्रत्येक ठिकाणी उतरा, फोटो काढा, चढा, एवढंच होतं आणि संध्याकाळी आठवत पण नाही की कुठला धबधबा कुठला होता.

मी तर म्हणेन दिवसाला दोन गोष्टी, बास. पहिल्या दिवशी फक्त प्रवास, वाटेत अडिमालीच्या अलीकडे वाळरा आणि चीयप्पारा हे दोन धबधबे अगदी रस्त्यालाच लागतात, तिथे चहा घ्या नि पुढे निघा. मुन्नारच्या दोन रात्रींमधला जो एक अख्खा दिवस मिळतो ना, तो या सगळ्या सहलीतला सोन्याचा दिवस आहे, त्याची सकाळ चहाच्या मळ्यात पायी फिरायला ठेवा, माहितगार माणूस बरोबर घेऊन. दुपारी एक काहीतरी बघा आणि संध्याकाळी खोलीच्या बाहेर खुर्ची टाकून बसा, धुकं कसं खालून वर चढत येतं ते बघण्यासारखं असतं.

ग्रुप की गाडी, तर दोघांसाठी मी गाडी सांगेन. ग्रुपमध्ये सोबत मिळते, जेवणाची काळजी नसते, हे खरंय, आणि ज्यांना सोबत हवीय त्यांनी खुशाल ग्रुपने जावं. पण मोठी बस मळ्यातल्या छोट्या रस्त्यांवर जात नाही आणि चाळीस लोक एकदम चढा-उतरायलाच अर्धा तास जातो. कसंही जा, पैसे भरण्याआधी हॉटेलचं नाव घेऊन नकाशावर बघा. कागदावर "मुन्नार" लिहिलेलं असतं आणि हॉटेल निघतं आनच्चालला नाहीतर चिन्नक्कनालला, मुन्नार गावापासून चांगलं लांब. ती ठिकाणं वाईट नाहीत, चिन्नक्कनाल तर सुंदरच आहे, पण रोज तेवढं जाणं-येणं तुमच्या दिवसातून कापलं जातं.

अजून एक, ड्रायव्हर म्हणजे गाईड नव्हे. चांगला ड्रायव्हर देवमाणूस असतो, मोडकंतोडकं हिंदी बोलतो, थांबा म्हटलं की थांबतो, पण मळ्यातलं, जंगलातलं नि पाण्यावरचं सांगायला तिथलाच माणूस लागतो. मुन्नारला अर्धा दिवस, थेक्कडीला वनखात्याचा गाईड आणि आलप्पुळ्याला छोट्या होडीवाला, एवढ्या तीन ठिकाणी स्थानिक माणसासाठी पैसे काढून ठेवा, पॉइंटांच्या तिकिटात वाचतीलच.

प्रश्न: आईचे गुडघे दुखतात आणि मुलीला घाट लागतो. मुन्नारला जायचं का नुसतंच बॅकवॉटर करायचं? (डोंबिवली)

जा की! मुलीला पुढच्या सीटवर बसवा, निघायच्या आधी पोटभर नाश्ता नको पण अगदी रिकामं पोट पण नको, उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या (घाट सुरू झाल्यावर दिलेली गोळी काही कामाची नसते) आणि गाडीत मोबाईल बघू देऊ नका. ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, हळू चालवा म्हणून.

आईंसाठी इरविकुलम नॅशनल पार्क जमेल का ते विचार करून ठरवा. खाजगी गाडी आत सोडत नाहीत, वनखात्याची बस राजमलापर्यंत नेते आणि तिथून पुढे चढाचा डांबरी रस्ता चालायचा असतो. पूर्ण चालायची सक्ती नाही, थोडं चालून परत फिरता येतं, आणि नीलगिरी ताहर, म्हणजे तिथले आखूड शिंगांचे रानबकरे, कधीकधी रस्त्याच्या कडेलाच निवांत चरत असतात. समोर आनमुडी दिसतं, २,६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सगळ्यात उंच शिखर, ढग बाजूला झाले तर. तिकीट आधी ऑनलाइन काढा, नाहीतर रांगेत उभं राहूनच गुडघे जातील.

कोळुक्कुमलाच्या सूर्योदयाची जीप मात्र आईंसाठी अजिबात नको. पहाटे उठून सूर्यनेल्लीहून जीपने जातात, वरचं दृश्य खरंच वेड लावणारं असतं, पण रस्ता म्हणजे नुसते दगड, पाठीचा किंवा मणक्याचा त्रास असणाऱ्या कोणीच जाऊ नये.

प्रश्न: चहाचे मळे सगळीकडे सारखेच दिसतात. फोटो काढून झाल्यावर तिथे करायचं काय? आणि टॉप स्टेशनला रेल्वे आहे का, नाव तसं का? (नाशिक)

हा प्रश्न आला म्हणून फार बरं वाटलं, कारण मलाही पहिल्या खेपेला असंच वाटलं होतं, हिरवा गालिचा, दहा फोटो, झालं. दुसऱ्या खेपेला एका मुलाबरोबर मळ्यात तीन तास चालले, त्याची आई आणि आजी दोघी तिथेच पानं खुडायच्या, आणि मग तोच डोंगर वेगळा दिसायला लागला.

त्याने मला आधी खाली वाकायला लावलं. वरून जो गालिचा दिसतो त्याच्या खाली मनगटाएवढी, काही ठिकाणी मांडीएवढी जाड, वाकडीतिकडी खोडं आहेत, कारण चहाचं झुडूप मुळात झाड आहे, सोडून दिलं तर घराएवढं वाढेल, ते कमरेच्या उंचीवर राहावं म्हणून वर्षानुवर्षं छाटत आणतात. मधेच एखादा डोंगर तपकिरी, बोडका दिसतो ना, आपल्याला वाटतं जळला की काय, तर तो चार-पाच वर्षांनी होणारी मोठी छाटणी झालेला असतो. मळ्यात मधे मधे सरळसोट उंच झाडं असतात ती सिल्व्हर ओक, मूळची ऑस्ट्रेलियातली, सावलीसाठी लावलेली.

मग त्याने एक शेंडा खुडून हातात दिला, दोन कोवळी पानं आणि मधली मिटलेली कळी. चांगला चहा यातूनच होतो. आता मुन्नारला बऱ्याच ठिकाणी बायका हाताने खुडत नाहीत, कात्री वापरतात, कात्रीच्या पात्याला पेटी किंवा पिशवी लावलेली असते आणि कापलेली पानं त्यातच पडतात. लांबून नुसता खटखट खटखट आवाज येतो, आधी कळत नाही कशाचा, मग धुक्यातून डोक्याला फडकं आणि कमरेला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळलेल्या बायका दिसतात. कागद कशाला तर पानांवरच्या दवाने सगळे कपडे ओले होतात म्हणून. साधारण साडेचार किलो ओल्या पानाचा एक किलो चहा होतो, हे कळल्यावर त्यांच्या पाठीवरच्या पोत्याकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो.

या बायका बहुतेक तमिळ बोलणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच मळ्यातल्या लायनीत, म्हणजे कामगारांच्या चाळींत, राहणाऱ्या. २०१५ साली याच बायकांनी बोनस आणि मजुरीसाठी संप केला होता, नेहमीच्या युनियनच्या पुढाऱ्यांना बाजूला ठेवून, "पेंपिळै ओरुमै" म्हणजे बायकांची एकजूट या नावाने, रस्त्यावर बसून. मुन्नारला गेलात तर ही गोष्ट माहिती असू दे. आणि फोटो काढायच्या आधी विचारा, नुसतं हसून कॅमेरा दाखवला तरी कळतं, नको म्हणाल्या तर नको. मळे खाजगी मालकीचे आहेत, कुठूनही घुसू नका, आत रानटी हत्ती पण फिरतात, म्हणून परवानगी असलेल्या गाईडबरोबरच जायचं.

दुपारी नल्लतण्णीच्या टी म्युझियमला जा, सोमवारी बंद असतं. तिथे चहा तयार होताना दाखवतात. पानं आधी रात्रभर वाऱ्यावर पसरून मलूल करतात, मग रोलरमधून काढून चुरतात, मग ती तशीच ठेवतात आणि हिरवा चुरा डोळ्यांदेखत तांब्यासारखा लाल होत जातो, मग भट्टीत वाळवतात. जो वास येतो तो चहाचा नसतोच, ओल्या गवताचा आणि कापलेल्या सफरचंदाचा मिळून काहीतरी असतो. आपण घरी उकळून पितो तो दाणेदार चहा म्हणजे सीटीसी, आणि लांब वळलेल्या पानांचा तो ऑर्थोडॉक्स. ऑर्थोडॉक्स विकत घेतलात तर दूध-साखर घालून उकळू नका, सगळी चव जाते, गरम पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून गाळून प्या.

आता टॉप स्टेशन. रेल्वे होती! १८७७ साली मन्रो नावाच्या इंग्रजाने पूंजारच्या राजाकडून हे डोंगर भाडेपट्ट्याने घेतले, १८८० च्या सुमाराला शार्प नावाच्या मळेवाल्याने पहिला चहा लावला, आणि मग प्रश्न आला की एवढा चहा डोंगराखाली न्यायचा कसा. तर १९०२ मध्ये मुन्नार ते टॉप स्टेशन एका रुळावरची गाडी घातली, ती बैल ओढायचे, १९०८ मध्ये तिची छोट्या गेजची खरी रेल्वे केली. वर टॉप स्टेशनला पेट्या उतरवायच्या, तिथून दोरवाटेने खाली तमिळनाडूच्या बाजूला. १९२४ च्या पुरात ती रेल्वे वाहून गेली आणि परत कधी बांधली नाही. मल्याळी पंचांगाप्रमाणे ते १०९९ साल होतं, म्हणून तिकडची जुनी माणसं अजून "९९ चा पूर" म्हणतात.

प्रश्न: थेक्कडीला वाघ दिसतो का? मुलं त्याच आशेवर आहेत. (औरंगाबाद रोड, अहिल्यानगर)

मुलांना आधीच सांगून टाका, ताडोबा नव्हे हे. पेरियार व्याघ्र प्रकल्प ९२५ चौरस किलोमीटरचा, दाट जंगलाचा, वाघ आहेत पण तिथल्या तळ्यावरच्या बोटीतून दिसणं म्हणजे लॉटरी. दिसतात ते हत्ती, गवे, सांबर, रानडुकरं, पाणकावळे. सकाळची पहिली बोट घ्या, उशिराच्या बोटीत आपल्याच लोकांचा आरडाओरडा इतका असतो की जनावर काठाला थांबतच नाही.

बोटीतून जाताना पाण्यातून वर आलेले काळे, वाळलेले बुंधे दिसतील, मुलांना ते दाखवा. हे तळं नैसर्गिक नाही. पेनिक्विक नावाच्या इंग्रज इंजिनिअरने मुल्लपेरियार धरण बांधलं, १८९५ मध्ये पुरं झालं, चुना आणि सुरखीत (विटांच्या पुडीत) बांधलेलं, आणि पश्चिमेला वाहणारं पाणी बोगद्यातून पूर्वेकडे तमिळनाडूच्या कोरड्या भागाला नेलं. तेव्हा जे जंगल बुडालं त्याचे ते बुंधे, सव्वाशे वर्षं झाली तरी उभे आहेत, आणि त्यावर पाणकावळे पंख पसरून उन्हाला बसतात.

चालायची तयारी असेल तर बोटीपेक्षा बांबू राफ्टिंग किंवा जंगलातली पायी फेरी मला जास्त आवडते. वनखातं आणि गावातल्या समित्या मिळून ते चालवतात, आणि बरोबर येणारे काही गाईड पूर्वी याच जंगलातून दालचिनीच्या जातीची साल चोरून नेणारे किंवा शिकार करणारे लोक आहेत. त्यांना पकडून नुसतं आत टाकण्यापेक्षा जंगल राखायचं काम दिलं, आणि त्यांच्याएवढं ते जंगल कोणाला माहिती असणार! आमच्या गाईडने चिखलातला एक ठसा दाखवला, बोटाने कडा दाबून बघितली, म्हणाला आज पहाटेचा आहे. वाघ दिसला नाही पण मी तो ठसा विसरलेली नाही. पावसाळ्यात जळवा असतात, गेटवर जळवांसाठीचे मोजे मिळतात, घाला.

बोटीत लाइफ जॅकेट घालून शेवटपर्यंत बसा, उकडलं तरी. सप्टेंबर २००९ मध्ये याच तळ्यात बोट उलटून ४५ माणसं गेली, मे २०२३ मध्ये केरळातच तानूरला बोट उलटून २२ गेली. मी एकदा एका बोटीत (थेक्कडी नव्हे, खाली बॅकवॉटरमध्ये) जॅकेट मागितलं तर ते बाकाखालच्या पेटीत कुलूप लावून ठेवलेलं निघालं आणि किल्ली किनाऱ्यावर. आम्ही उतरलो. पैसे बुडाले, बुडू देत.

प्रश्न: मसाले तिकडून घ्यावे का? ड्रायव्हर स्पाइस गार्डनला नेतोच म्हणतात. (कोल्हापूर)

स्पाइस गार्डन एकदा बघाच, पाऊण तास जातो पण मजा येते. वेलदोडा जमिनीलगत लागतो हे आपल्यापैकी किती जणांना माहितीय? माणसापेक्षा उंच पानं आणि फळं मात्र बुडाशी, मातीवर पसरलेल्या दांड्यांना. मिरीचा वेल दुसऱ्या झाडावर चढलेला, हिरवे घोस लटकलेले, तीच वाळवली की काळी मिरी. मुन्नारहून पूप्पारामार्गे थेक्कडीला जाताना सगळा वेलदोड्याचाच मुलूख आहे, गाडीची काच खाली केली की कळतं.

पण शेवटी दुकानात नेतात तिथे घाई करू नका, घ्यायची सक्ती नसते. मी एका दुकानातून अगदी पोपटी, एकसारखे वेलदोडे आणले होते, घरी श्रीखंडासाठी सोलायला घेतले तर बोटं हिरवी झाली, रंग लावलेला. तेव्हापासून दोन-चार दाणे ओल्या बोटांवर चोळून बघते, सोलून बघते, आतले दाणे काळे आणि चिकट हवेत, तपकिरी सुकलेले नकोत. रंगात थोडं कमी-जास्त असलेला माल उलट चांगला. थेक्कडीला लागून कुमिळी गाव आहे, तिथल्या बाजारात तीन दुकानं फिरून मग घ्या.

प्रश्न: हाउसबोटीला एवढे पैसे घालवावेत का? एक रात्र पुरे का दोन? मैत्रीण म्हणते बोअर होतं. (पुणे, ठाणे आणि जळगावहून जवळपास हाच प्रश्न)

दोन रात्री नको. एक रात्र करावी का, तर ते तुम्हाला त्यातून काय हवंय त्यावर आहे, म्हणून आधी बोटीचं वेळापत्रक समजून घ्या, ते टूरवाले नीट सांगत नाहीत. दुपारी बाराच्या सुमाराला बोटीवर चढायचं, जेवण, आणि साडेपाचला बोट काठाला बांधतात, कारण त्यानंतर मच्छीमार जाळी टाकतात आणि हाउसबोटींना फिरायची परवानगी नाही. रात्रभर बोट उभीच असते. सकाळी नाश्ता, थोडी फेरी आणि नऊच्या आसपास उतरायचं. म्हणजे प्रत्यक्ष फिरणं चार-पाच तास. बऱ्याच बोटींवर एसी फक्त रात्री चालू असतो, हे पण आधी विचारा. आणि बोटीचं रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, लाइफ जॅकेट आणि आग विझवायची नळकांडी, हे चार विचारायला लाजू नका.

तरीही पहिल्यांदा जात असाल तर एक रात्र करा असंच मी म्हणेन. या बोटी म्हणजे जुने केट्टुवळ्ळम. केट्टु म्हणजे बांधलेली, वळ्ळम म्हणजे होडी. लाकडी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, खिळा न मारता, पूर्वी यातून भात आणि नारळ कोचीला जायचं. रस्ते झाले, ट्रक आले, आणि या होड्या काठाला कुजायला लागल्या, मग १९९० च्या दशकात त्यावर खोल्या चढवून त्या पर्यटकांसाठी फिरायला लागल्या. बोटीवर गेल्यावर फळ्यांच्या सांध्यातली ती शिवण दाखवा म्हणून सांगा, कर्मचारी खुशीने दाखवतात.

पण हाउसबोट मोठ्या पाण्यातून जाते, काठ लांब राहतो, आणि खरी गंमत काठावरच आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला छोट्या होडीतून अरुंद कालव्यात जा, नाहीतर हाउसबोटीऐवजी बांधावरच्या एखाद्या होमस्टेमध्येच राहा. माझी सगळ्यात लाडकी आठवण तीच आहे. होडीवाल्याने वल्हं मारणं थांबवलं होतं, होडी आपली आपण सरकत होती, आणि हातभर अंतरावर एक बाई दगडी पायरीवर बसून काथ्याने कढई घासत होती, तिने मान वर केली, हसली, परत घासायला लागली, शेजारच्या पायरीवर शाळेच्या ड्रेसातली दोन मुलं होडीची वाट बघत होती, आणि मागे शेत होतं ते आमच्या होडीपेक्षा खाली.

हो, खाली! कुट्टनाडमध्ये, म्हणजे आलप्पुळ्याच्या आसपासच्या या भातशेतीच्या मुलखात, शेतं समुद्रसपाटीच्या खाली आहेत, एक-दोन मीटर, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. ज्यांनी कोकणातली खारजमीन बघितलीय त्यांना लगेच कळेल, बांध घालून पाणी अडवायचं आणि आत भात करायचा, फक्त आपल्याकडे भरती-ओहोटीच्या हिशोबाने उघाडी उघडतात, तिथे पाणी कायमच वर असतं म्हणून पंपाने उपसून बाहेर टाकावं लागतं. पूर्वी पायाने फिरवायच्या मोठ्या लाकडी चाकाने उपसायचे, त्याला चक्रम म्हणतात. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने या शेतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. वेंबनाड तलावाचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून तण्णीरमुक्कमला बंधारा आहे, पावसाळा सरून कोरडे दिवस आले की त्याची दारं बंद करतात. शेतकऱ्याला ते हवं असतं, पण पाणी साचून राहिलं की जलपर्णी माजते आणि मासे कमी होतात म्हणून मच्छीमार नाराज असतो. होडीवाल्याला याबद्दल विचारा, दोन्ही बाजू सांगेल, बहुतेक त्याच्या घरात एक भाऊ शेतीत नि एक मासेमारीत असतो.

आणि ज्यांना हे पैसे परवडत नाहीत त्यांनी अजिबात वाईट वाटून घेऊ नका. आलप्पुळा जेट्टीवरून राज्य जलवाहतूक खात्याच्या साध्या बोटी सुटतात, कोट्टयमपर्यंत अडीच तास, तिकीट दोन वडापावांच्या पैशात. भाजीच्या पिशव्या, ऑफिसला निघालेल्या बायका, सायकल, सगळे एकाच बोटीत. मार्ग कधीकधी दुरुस्तीमुळे किंवा जलपर्णीमुळे बदलतो म्हणून जेट्टीवर आदल्या दिवशी विचारून घ्या. मैत्रिणीला हीच बोट सांगा, बोअर होणार नाही.

प्रश्न: कधी जावं? पावसाळ्यात स्वस्त पडतं म्हणतात. (सोलापूर)

डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. मुन्नारला जानेवारीत पहाटे पारा शून्याच्या आसपास जातो, स्वेटर-कानटोपी न्या, नुसतं "केरळ म्हणजे गरम" समजून गेलेले कुडकुडतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ताहरांचा विणीचा हंगाम म्हणून इरविकुलम बंद असतं, तारखा बघून घ्या. नाताळ आणि लाँग वीकेंड टाळा, मुन्नारच्या बाजारातच तास-दीड तास गाडी अडकते.

जून ते सप्टेंबर बॅकवॉटर चालेल, सुंदर पण दिसतं, पण जोराच्या पावसात डोंगरात नको. ऑगस्ट २०२० मध्ये मुन्नारजवळ पेट्टिमुडीला दरड कोसळून मळ्यातल्या लायनीच्या लायनी गेल्या, ७० माणसं. स्वस्त पडतं म्हणून ही जोखीम मी कोणालाच सांगणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस बहुतेक दुपारनंतर गडगडाट करून येतो, सकाळी फिरून घ्यायचं. आणि नीलकुरिंजी, म्हणजे तिथल्या डोंगरांवरचं निळंजांभळं फूल, बघायलाच जायचंय असं तिघींनी लिहिलंय, तर ती १२ वर्षांनी फुलते, २००६, २०१८, आता २०३०. तोवर कोणी "यंदा फुललीय" म्हणून पॅकेज विकत असेल तर ती बहुतेक कुरिंजीची दुसरी कुठलीतरी जात असते.

प्रश्न: आम्ही शाकाहारी, खोबरेल तेलाचा वास सहन होत नाही. आणि हॉटेलात गुलाबी पाणी देतात ते काय असतं, प्यावं का? (लातूर)

शाकाहारी भरपूर मिळतं, इडली-डोसा तर आहेच, पण सकाळी पुट्टु (तांदळाचं पीठ नि खोबरं वाफवून करतात ते) आणि काळ्या चण्याची कडला करी खा, अप्पम आणि भाज्यांचा स्ट्यू खा. दुपारी केळीच्या पानावर जेवण मागा, भात जाड आणि लालसर असतो, आमटीसारखं सांबार, अवियल (खोबरं घातलेली मिसळभाजी), पापड, ताक, वाढणारा परत परत येतो, पुरे झालं की "मदी" म्हणायचं. खोबरेल नको असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, पण फोडणीत ते असणारच, माझ्या सासूबाई पहिल्या दिवशी नाक मुरडत होत्या, तिसऱ्या दिवशी अवियलची कृती लिहून घेतली.

गुलाबी पाणी बिनधास्त प्या. पथिमुखम नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे टाकून उकळलेलं पाणी असतं ते, त्याचाच तो रंग. कुठे कुठे जिरं किंवा सुंठ घालून उकळतात. उकळलेलं असल्यामुळे पोटाला चांगलं आणि बाटल्या विकत घ्यायला लागत नाहीत, फक्त कोमट आलंय ना तेवढं बघा, गार असेल तर उकळल्यावर साधं पाणी मिसळलंय का विचारा. कुमिळीला एका छोट्या खानावळीत मी ते फारच आवडीने पितेय बघून तिथल्या चेचीने, चेची म्हणजे ताई, निघताना कागदात बांधून मूठभर लाकूड दिलं, पैसे घेतले नाहीत. एका तपेल्याला दोनच तुकडे टाकायचे असं तिने बोटांनी दाखवलं, जास्त टाकले तर पाणी तुरट होतं.